बहुशर्करा औषधे आणि औषधसंहितेची कसोटी

औषधाच्या कुपीवर चिकटविलेला कागद हा वस्तुतः एक प्रतिज्ञालेख असतो. आत आहे ते नाव सांगितलेलेच द्रव्य आहे, ते सांगितलेल्या प्रमाणातच आहे आणि अपाय करील असे दुसरे काही त्यात नाही, अशी तिहेरी प्रतिज्ञा त्यात अनुस्यूत असते. ती खरी की खोटी हे ठरविण्याच्या कसोट्या औषधसंहितेत, म्हणजे फार्माकोपियात, ग्रथित केलेल्या असतात. ज्या द्रव्याचे रासायनिक सूत्र एकच व निश्चित आहे त्याच्या बाबतीत या कसोट्या बहुधा विश्वासार्ह ठरतात. परंतु बहुशर्करा, म्हणजेच पॉलिसॅकॅराइड, या वर्गातील औषधांना असे एकच सूत्र नसते. तेथे औषधसंहितेची कसोटी नेमके काय सिद्ध करते आणि काय सिद्ध करीत नाही, याचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्न प्रयोगशाळेतला दिसत असला तरी त्याचे बरेवाईट फळ भोगणारा मनुष्य प्रयोगशाळेपासून फार दूर असतो. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील अणदूर हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. सोलापूर–हैदराबाद महामार्गावर वसलेले आणि खंडोबाच्या देवस्थानामुळे सर्वश्रुत असलेले हे गाव आरोग्यसेवेच्या क्षेत्रातही अपरिचित नाही. डॉ. शशिकांत अहंकारी व डॉ. शुभांगी अहंकारी यांनी उभारलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशन या संस्थेने येथे रुग्णसेवेचे केंद्र चालविले आणि खेड्यातील सामान्य स्त्रियांना शिकवून ‘भारतवैद्य’ या नावाने गावोगावच्या आरोग्यसेविका तयार केल्या. अशा गावातील वैद्यकाला रोगाचे निदान करता येते, औषधाची मात्रा ठरविता येते, रोग्याकडे लक्षही ठेवता येते. परंतु हाती असलेल्या कुपीतील द्रव्य कोणते, हे पाहण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे येथून सोलापुरास अपोहनासाठी, म्हणजे डायालिसिससाठी, जाणाऱ्या रोग्याच्या रक्तात प्रत्येक खेपेस हेपॅरिन सोडले जाते, ते केवळ त्या प्रतिज्ञालेखावर भरवसा ठेवून. तो भरवसा कितपत सार्थ आहे, हे ठरविण्यासाठी प्रथम बहुशर्करांचे स्वरूप पाहणे अवश्य आहे.

१

बहुशर्करा या प्रदेशाला नव्या नाहीत. घोंगडीला ताठपणा यावा म्हणून तिला लावली जाणारी चिंचोक्याची खळ ही एक बहुशर्कराच होय. तोडलेला ऊस वेळेवर गाळपास गेला नाही म्हणजे त्याच्या रसास बुळबुळीतपणा येतो, गाळणी तुंबते आणि साखरेचे स्फटिक लांबट व बेढब होतात, हा साखर कारखान्यांतील नित्याचा अनुभव आहे. हा सारा उपद्रव डेक्स्ट्रान या बहुशर्करेचा असतो. ल्यूकोनॉस्टॉक प्रजातीचे जंतू उसातील साखरेपासून ती तयार करतात. कारखानदाराला नकोशा वाटणाऱ्या याच द्रव्यापासून स्वीडनमधील अप्साला येथे ग्रोनवाल व इंगेलमान यांनी १९४० नंतरच्या दशकात रक्तद्रवाला पर्याय म्हणून शिरेतून देता येईल असे औषध सिद्ध केले.

उपद्रवी डेक्स्ट्रान आणि औषधी डेक्स्ट्रान यांच्यातील भेद मुख्यतः रेणूंच्या लांबीचा आहे. औषधात वापरावयाच्या डेक्स्ट्रानाचे ४० व ७० असे प्रकार प्रसिद्ध आहेत, आणि हे आकडे अनुक्रमे ४०,००० व ७०,००० या सरासरी रेणुभाराचे द्योतक आहेत. येथे ‘सरासरी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मिठाच्या किंवा ग्लुकोजाच्या बाबतीत सरासरी रेणुभार ही भाषाच निरर्थक ठरते, कारण ग्लुकोजाचा प्रत्येक रेणू दुसऱ्यासारखाच असतो. डेक्स्ट्रानात मात्र लहान व मोठ्या साखळ्यांचा समुदाय असतो. दोन नमुन्यांची सरासरी एकच असून त्यांपैकी एकात अतिदीर्घ साखळ्यांचा अंश अधिक असू शकतो. आणि अतिदीर्घ साखळ्या रक्तातील तांबड्या पेशींना एकमेकींना चिकटवून त्यांच्या चळती करतात. म्हणून केवळ सरासरी सांगणारी कसोटी खोटी नसली तरी अपुरी असते. चांगली औषधसंहिता सरासरीबरोबरच दोन्ही टोकांच्या अंशांची मर्यादाही सांगते, ती याच कारणास्तव.

हेपॅरिनाच्या बाबतीत गुंतागुंत याहूनही अधिक आहे. डेक्स्ट्रानाची साखळी निदान एकाच शर्करेची बनलेली असते. हेपॅरिनाच्या साखळीत ग्लुकोसामीन व यूरॉनिक अम्ल आलटूनपालटून येतात, आणि त्यांवर सल्फेट गट कोठे असावेत व किती असावेत याला ठराविक नियम नाही. डुकराच्या आतड्याच्या अंतस्त्वचेपासून काढलेल्या हेपॅरिनात निरनिराळ्या लांबीच्या व निरनिराळ्या सल्फेटरचनेच्या असंख्य साखळ्या एकत्र असतात. रक्तातील अँटिथ्रॉम्बिनाशी घट्ट संलग्न होणारा पाच शर्करांचा विशिष्ट तुकडा त्यांतील सुमारे एकतृतीयांश साखळ्यांतच आढळतो. तात्पर्य, हेपॅरिन हे एका रेणूचे नाव नसून एका समुदायाचे नाव आहे. समुदायाची ओळख पटविणे हे एका व्यक्तीची ओळख पटविण्याहून सर्वस्वी निराळे काम आहे.

२

औषधसंहितेतील प्रत्येक द्रव्यलेखाची मांडणी बहुधा त्रिविध असते: ओळख, शुद्धता आणि मूल्यमापन. स्वतंत्र भारताची पहिली औषधसंहिता १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिची नववी आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. या दीर्घ कालावधीत कसोट्या पालटल्या, उपकरणे पालटली, परंतु ही त्रिविध मांडणी टिकून राहिली. तिच्या मुळाशी एक गृहीत आहे. द्रव्य एकच असल्यामुळे त्याच्या ओळखीची खूण एकदा पटली म्हणजे पुढे ते किती आहे व त्यात मिसळ काय आहे एवढेच पाहावयाचे उरते, असे ते गृहीत आहे.

समुदायरूप द्रव्यांना हे गृहीत लागू पडत नाही, याची जाणीव संहिताकारांना नव्हती असे म्हणता येणार नाही. १९१६ मध्ये जे मॅक्लेन व विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत हेपॅरिनाचा शोध लागला. पुढे टोरांटो येथे चार्ल्स बेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रोग्यांना देता येण्याइतके शुद्ध केले. आणि १९४२ मध्ये त्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणद्रव्य ठरले. त्या काळी त्याची रचना अज्ञात होती. म्हणून ‘ते काय आहे’ या प्रश्नाच्या जागी ‘ते काय करते’ हा प्रश्न ठेवण्यात आला. रक्त साखळण्यास ते किती विलंब लावते, हे प्रमाणद्रव्याशी तुलना करून पाहावयाचे आणि त्यावरून त्याची शक्ती एककांत सांगावयाची. अमेरिकेच्या संहितेत ही कसोटी दीर्घकाळ मेंढीच्या रक्तद्रवावर घेतली जात असे. रचना ठाऊक नसताना कार्यावरून परीक्षा करणे हा त्या काळी शहाणपणाचाच मार्ग होता, आणि त्याबद्दल जुन्या संहिताकारांना दोष देणे अन्यायाचे होईल. दोष घडला तो पुढे. रचनेचे ज्ञान वाढत गेले, रचना पाहण्याची उपकरणे प्रयोगशाळांत आली, तरीही कार्याची कसोटी ओळखीच्या जागी तशीच बसून राहिली. तात्पुरती सोय म्हणून स्वीकारलेली गोष्ट सिद्धान्ताच्या पदवीस पोहोचली.

असे झाले म्हणजे काय घडू शकते, हे समजण्यास खेड्यातील दूध संकलनाचे उदाहरण पुरे आहे. दुधात पाणी घातले की त्याची घनता उतरते व लॅक्टोमीटर ते दाखवितो. हे ज्याला कळले तो पाण्याबरोबर साखरही घालतो. घनता पुन्हा वर येते आणि लॅक्टोमीटर समाधान पावतो. लॅक्टोमीटर येथे खोटे बोललेला नसतो. त्याला घनता विचारली आणि त्याने घनता सांगितली. भेसळ करणारा दुधाशी स्पर्धा करीत नाही, तो कसोटीशी स्पर्धा करतो. आणि कसोटी एकच व सर्वांस ठाऊक असेल तर ती स्पर्धा त्याने आधीच जिंकलेली असते. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलॅमीन मिसळले गेले तेव्हा हेच घडले. प्रथिनांचे मापन नायट्रोजनावरून होते हे जाणून नायट्रोजनाने समृद्ध असे विषारी द्रव्य प्रथिनांच्या जागी घालण्यात आले.

३

हेपॅरिनाच्या बाबतीत हाच प्रकार त्याच सुमारास झाला. २००७ च्या अखेरीस व २००८ च्या आरंभी अमेरिकेत हेपॅरिन दिलेल्या रोग्यांना काही मिनिटांतच रक्तदाब एकाएकी उतरणे, मळमळ, श्वास लागणे असे विकार होऊ लागले. मिसूरी राज्यातील एका बालरुग्णालयात अपोहन घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही गोष्ट प्रथम ध्यानात आली आणि तेथून ती रोगनियंत्रण केंद्राकडे कळविण्यात आली. बॅक्स्टर या कंपनीने आपला माल परत मागविला. जानेवारी २००७ पासूनच्या काळात अशा प्रतिक्रियांशी संबंध असू शकेल असे ८१ मृत्यू अमेरिकी औषध प्रशासनाकडे नोंदले गेले. त्यांतील प्रत्येक मृत्यूचे कारण हेच होते असे सिद्ध झालेले नाही, हे सांगणे न्याय्य ठरेल. परंतु संकटाच्या गांभीर्याविषयी त्यामुळे शंका उरत नाही. दूषित माल दहाहून अधिक देशांत आढळला.

या मालाने संहितेतील कसोट्या रीतसर ओलांडलेल्या होत्या. मेंढीच्या रक्तद्रवाने त्याला मान्यता दिली होती. दोष शोधून काढला तो अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन व अन्य प्रगत पद्धतींनी. हेपॅरिनातील ॲसिटिल गटाचा संकेत वर्णपटात २·०४ या स्थानी येतो. दूषित नमुन्यांत २·१५ च्या आसपास आणखी एक, तेथे असण्याचे कारण नसलेला संकेत दिसला. तो अतिसल्फेटित काँड्रॉइटिन सल्फेटाचा होता. काँड्रॉइटिन सल्फेट हे प्राण्यांच्या कूर्चेपासून मिळणारे स्वस्त द्रव्य आहे. त्यावर रासायनिक प्रक्रियेने जादा सल्फेट गट चढविले म्हणजे तेही रक्त साखळण्यास विलंब लावते. ते निसर्गात आढळत नाही. म्हणून प्राण्याच्या आतड्यातून ते चुकून आले असेल, हा तर्क टिकत नाही. मालकास न कळत लॅक्टोमीटरचे समाधान करणारी ही साखर होती. मात्र साखर निदान अपायकारक नसते. हे द्रव्य रक्तातील कॅलिक्रिन कार्यान्वित करून ब्रॅडिकिनीन मुक्त करते आणि पूरक प्रथिनांपासून दाहजनक तुकडे उत्पन्न करते, हे २००८ मध्येच दाखवून देण्यात आले. रोग्यांचा रक्तदाब का कोसळत होता याचा उलगडा त्यातून झाला.

या प्रकरणाचा दुसरा एक तपशील परीक्षणाच्या दृष्टीने तितकाच बोलका आहे. ज्या चिनी कारखान्यातून हे हेपॅरिन आले त्याची तपासणी अमेरिकी प्रशासनाने केलेलीच नव्हती. नावाच्या साधर्म्यामुळे दुसऱ्याच एका कारखान्याच्या नोंदी त्याच्या समजल्या गेल्या होत्या. द्रव्याची ओळख पटविण्यात जी चूक झाली तीच चूक ते बनविणाऱ्या कारखान्याची ओळख पटविण्यातही झाली. दोन्ही ठिकाणी एका बाह्य खुणेवर संतुष्ट राहण्याची वृत्ती हेच कारण होते.

४

संकटानंतर अमेरिकेची संहिता त्वरेने सुधारण्यात आली. जून २००८ मध्ये अनुस्पंदन व केशिका विद्युत् संचारण या कसोट्या तीत आल्या. ऑक्टोबर २००९ मध्ये मेंढीच्या रक्तद्रवाची कसोटी जाऊन तिच्या जागी क्लथन घटकांवरील परिणाम प्रत्यक्ष मोजणारी कसोटी आली. दहावा घटक व दुसरा घटक यांच्यावरील परिणामांचे गुणोत्तर ०·९ ते १·१ या मर्यादेत असावे आणि एकूण हेक्झोसामिनांत गॅलॅक्टोसामिनाचा अंश एक टक्क्याहून अधिक नसावा, अशी बंधने घालण्यात आली. या सुधारणेचे मूल्यमापन करताना तिच्यातील निरनिराळ्या कसोट्यांची प्रकृती एकसारखी नाही, हे ध्यानात घ्यावे लागते.

गॅलॅक्टोसामिनाची मर्यादा ही आरोपी ठाऊक झाल्यानंतर घातलेली मर्यादा आहे. काँड्रॉइटिनाच्या सर्व गोत्राला ती दार बंद करते, कारण त्या गोत्रात गॅलॅक्टोसामिन असतेच. परंतु उद्या कोणी ग्लुकोसामीन असलेल्या दुसऱ्या एखाद्या बहुशर्करेवर जादा सल्फेट चढविले तर ही कसोटी मौन पाळील. अनुस्पंदनाच्या कसोटीची योग्यता याहून वरच्या दर्जाची आहे. ‘अमुक द्रव्य आहे काय’ असा बंदिस्त प्रश्न ती विचारीत नाही. ‘येथे जे जे आहे ते दिसू दे’ असे म्हणते. अनपेक्षित संकेत उमटला तर त्याचे नाव ठाऊक नसतानाही नमुना अडवून ठेवता येतो. क्लथन घटकांची दुहेरी कसोटीही अशीच सरस आहे, कारण दोन परस्पर स्वतंत्र गुणांचे गुणोत्तर सांभाळीत नक्कल करणे हे एका गुणाची नक्कल करण्याहून फार अवघड असते. म्हणून नव्या संहितेचे खरे यश तिच्यातील आकड्यांत शोधू नये. भिन्न तत्त्वांवर उभ्या असलेल्या कसोट्या एकाच नमुन्याला लावण्याचे जे धोरण तिने पत्करले, त्यात ते आहे.

परंतु येथेही एक उणीव राहते. संहिता तयार औषधाची परीक्षा सांगते, आणि भेसळ मात्र फार अलीकडच्या टप्प्यावर, आतड्यांची साफसफाई करणाऱ्या लहान कर्मशाळेपासून शुद्धीकरणाच्या कारखान्यापर्यंत कोठेही, होऊ शकते. २०१३ मध्ये अमेरिकी प्रशासनाने कच्च्या हेपॅरिनाचीही परीक्षा करावी आणि ते कोणत्या प्राण्याचे आहे हे तपासावे, असे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. हा विचार योग्य दिशेचा आहे. समुदायरूप द्रव्याच्या बाबतीत ते कोठून आले व कसे बनले हा इतिहासही त्याच्या ओळखीचा भाग मानावा लागतो.

कसोटीचा दोष नेहमी दोषीला सोडून देण्याचाच असतो असे नाही. कधी ती निर्दोषालाही दोषी ठरविते. शिरेतून द्यावयाच्या औषधात जंतूंचे अंतर्विष नसावे म्हणून अश्वनाल खेकड्याच्या रक्तपेशींच्या अर्काने परीक्षा घेतली जाते. परंतु गाळणीच्या सेल्युलोजातून किंवा बुरशीतून आलेली बीटा-ग्लुकान ही बहुशर्करा त्याच अर्काला दुसऱ्या मार्गाने चेतविते, आणि अंतर्विष नसताना ते असल्याचा निर्वाळा मिळतो. कसोटीच्या होकारावर जितका संशय ठेवावयास हवा तितकाच तिच्या नकारावरही ठेवावयास हवा, हा बोध यातून घ्यावयाचा.

५

बहुशर्करांच्या परीक्षेचा याहून प्रगल्भ नमुना पाहावयाचा असल्यास लसींकडे वळावे लागते, आणि तेथे महाराष्ट्राचा संबंध जवळचा आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मस्तिष्कावरणाच्या दाहाच्या साथी वारंवार येत. १९९६–९७ च्या साथीत सुमारे अडीच लक्ष लोक आजारी पडले आणि पंचवीस हजारांवर मृत्यू पावले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटना व पाथ ही संस्था यांनी २००१ मध्ये हाती घेतलेल्या योजनेतून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘अ’ गटाच्या जंतूची बहुशर्करा धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनाशी जोडून लस बनविली. एका मात्रेची किंमत पन्नास अमेरिकी सेंटांच्या आत ठेवणे ही या योजनेची अटच होती. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासो येथे तिचा सार्वत्रिक वापर सुरू झाला.

अशा लसीची परीक्षा कार्यावरून करणे सोपे नसते. नुसत्या बहुशर्करेची लस प्राण्याला टोचून माणसातील प्रतिसादाचा भरवशाचा अंदाज येत नाही. त्यामुळे येथे रचनेच्या कसोट्यांना पर्यायच नव्हता, आणि या अडचणीनेच शास्त्राला शिस्त लावली असे म्हणावयास हरकत नाही. साखळ्यांची लांबी किती, त्यांवर ॲसिटिल गट किती टिकले आहेत, प्रथिनाशी न जुळलेली मोकळी बहुशर्करा किती उरली आहे, बहुशर्करा व प्रथिन यांचे प्रमाण काय, यांतील प्रत्येक प्रश्नास स्वतंत्र उत्तर द्यावे लागते. या प्रश्नांना कारणही आहे. ‘अ’ गटाच्या बहुशर्करेवरील ॲसिटिल गट गळून पडले तर शरीर तिला पुरेसा प्रतिसाद देत नाही. आणि तिच्या साखळीतील फॉस्फेटबंध पाण्यात हळूहळू तुटतात, म्हणून ही लस गोठवून शुष्क केलेल्या स्वरूपात ठेवावी लागते. म्हणजे येथील प्रत्येक आकड्यामागे त्याचा रोग्याशी असलेला संबंध दाखविता येतो.

२०१२ मध्ये या परीक्षेला आणखी एक जोड मिळाली. ही लस चार दिवसांपर्यंत ४० अंश सेल्सियस उष्णतेत राहिली तरी चालेल, अशी मान्यता तिला पुरेशा प्रयोगांअंती देण्यात आली. हा प्रश्न प्रयोगशाळेला स्वतःहून सुचला नसता. शीतपेटी व बर्फ यांच्यावाचून दूरच्या खेड्यात पोहोचावे लागते, या वास्तवाने तो विचारावयास लावला. उन्हाळ्यात पाऱ्याची तीच पातळी अनुभवणाऱ्या मराठवाड्यातील वाचकाला त्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. हेपॅरिनाच्या जुन्या कसोटीत नेमका हाच गुण नव्हता. ‘हे मेंढीच्या रक्तद्रवाचे काय करते’ एवढेच ती विचारी. ‘हे ज्याला टोचले जाणार त्याच्या शरीरात आणखी काय करील’ हा प्रश्न तिच्या कक्षेतच नव्हता. २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने विषमज्वराची अशीच संयुग्मित बहुशर्करा लस आपल्या हद्दीतील मुलांना देण्याची मोहीम घेतली. बहुशर्करांच्या परीक्षेचा प्रश्न आता मोठ्या शहरांच्या सामान्य आरोग्यव्यवस्थेपर्यंत येऊन पोहोचला आहे, याची ती खूण होय.

६

महाराष्ट्राला औषधातील भेसळीचा जो सर्वांत कटू अनुभव आला तो बहुशर्करेचा नव्हता. परंतु त्याचा विचार केल्यावाचून हे परीक्षण पुरे होणार नाही. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉलाने दूषित झालेले ग्लिसरीन दिले गेल्यामुळे चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी करून खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या व्यवस्थेतील दोष उघडे केले. ग्लिसरीन हा साधा, एकसूत्री पदार्थ आहे. तो व डायएथिलीन ग्लायकॉल दोन्ही गोड व दाट असले तरी त्यांतील भेद रसायनशास्त्राला अवघड नाही. तेथे कसोटी होती; ती लावली गेली नाही किंवा तिचा उपयोग झाला नाही. हेपॅरिनाच्या बाबतीत कसोटी लावली गेली आणि तरीही ती फसली. हे दोन दोष परस्परांहून भिन्न आहेत आणि त्यांवरील उपायही भिन्न आहेत. पहिल्यासाठी प्रशासनाची दक्षता हवी, दुसऱ्यासाठी शास्त्राची. दुर्दैवाने पहिला दोषही इतिहासजमा झालेला नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातील त्याच विषाने बालके दगावली, आणि त्यांतील कित्येकांना उपचारासाठी नागपुरास आणावे लागले होते.

अणदूरसारख्या गावाची स्थिती या दोहोंपेक्षा निराळी आहे. तेथे कसोटी लावण्याची सोयच नाही, आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात अनुस्पंदनाचे यंत्र बसवावे अशी अपेक्षा करणे हास्यास्पद ठरेल. मग अशा ठिकाणचा वैद्यक व आरोग्यसेविका या साखळीत केवळ निष्क्रिय ग्राहक आहेत काय? हेपॅरिनाचा इतिहास याचे उत्तर नकारार्थी देतो. सर्व कसोट्या ओलांडून आलेल्या मालाला पहिल्यांदा अडविले ते कोणत्याही उपकरणाने नव्हे. अपोहन घेणाऱ्या मुलांच्या बाबतीत काहीतरी विपरीत घडत आहे, ते एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा घडत आहे, हे ध्यानात घेऊन लिहून कळविणाऱ्या माणसांनी ते केले. रोग्याच्या खाटेजवळचे निरीक्षण हीच तेथे शेवटची व सर्वांत व्यापक कसोटी ठरली. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे केंद्र आहे. संहिता लिहिणारी आणि दुष्परिणाम ऐकणारी संस्था एकच असावी, ही योजना तत्त्वतः उत्तम आहे, कारण त्यामुळे खाटेजवळचा अनुभव कसोटीच्या मजकुरापर्यंत पोहोचण्याचा मार्ग खुला राहतो. परंतु मार्ग खुला असणे आणि त्यावरून वाहतूक होणे या दोन गोष्टी आहेत. रक्तक्षयाच्या स्त्रीला लोहयुक्त डेक्स्ट्रान टोचल्यावर तिला धाप लागली तर ती ‘प्रकृतीचा दोष’ म्हणून सोडून द्यावयाची की कुपीवरील तुकडी क्रमांकासह नोंदवून पाठवावयाची, यावर त्या साऱ्या योजनेचे यश अवलंबून आहे. तुकडी क्रमांकावाचून केलेली नोंद ही लॅक्टोमीटरच्या आकड्यासारखीच अर्धवट माहिती ठरते.

७

या परीक्षणातून निघणारा निष्कर्ष औषधसंहितेला कमी लेखणारा नाही. संहितेवाचून औषधव्यवहार एक दिवसही चालणार नाही. आक्षेप आहे तो संहितेतील कसोटीला द्रव्याची व्याख्या समजण्याच्या प्रवृत्तीवर. एकसूत्री द्रव्याच्या बाबतीत ही चूक झाकली जाते. बहुशर्करेच्या बाबतीत ती उघडी पडते आणि तिचे मोल रोग्याला द्यावे लागते. बहुशर्करा औषधाची चांगली परीक्षा तीन गोष्टींनी बनते: भिन्न तत्त्वांवरच्या अनेक कसोट्या, द्रव्याच्या उगमापासूनचा नोंदलेला इतिहास, आणि वापरानंतरचे जागरूक निरीक्षण. यांतील कोणतीही एक गोष्ट उरलेल्या दोहोंची जागा घेऊ शकत नाही.

विद्यापीठीय शिक्षणाकडे या दृष्टीने पाहिले असता एक उणीव प्रकर्षाने जाणवते. पदव्युत्तर प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्याच्या हाती नमुना व पद्धती दिली जाते, तो संहितेप्रमाणे परीक्षा करतो, आकडा मर्यादेत बसतो आणि वहीत ‘प्रमाणानुसार आहे’ असे लिहिले जाते. या वाक्याखाली आणखी एक प्रश्न अनिवार्य केला जावा: वहीत लिहिलेले हेच उत्तर नमुन्यात दुसरे कोणते द्रव्य असते तरी मिळाले असते? डेक्स्ट्रानाच्या दोन मिश्रणांची सरासरी जुळवून दाखविणे किंवा प्रथिनाच्या मापनास युरियाने फसवून पाहणे, असे प्रयोग अल्प खर्चात कोणत्याही महाविद्यालयात करता येतील. जो विद्यार्थी एकदा स्वतःच्या हाताने कसोटीला फसवून पाहील, तो पुढे औषधनिर्मितीत, प्रशासनात किंवा अध्यापनात कोठेही गेला तरी एका आकड्यावर समाधान मानणार नाही. अणदूरच्या रोग्याला कुपीवरील प्रतिज्ञालेख स्वतः तपासता येत नाही. तो तपासण्याचे दायित्व ज्यांनी पत्करले आहे त्यांच्या मनात हा संशय जागा असणे, एवढेच त्याचे संरक्षण आहे.